दोन-स्ट्रोक स्कूटरचा पिस्टन : तो कां बिघडतो व कसा वांचवावा

शेतकऱ्यास बैलाचें दुखणें ओळखतां येतें. बैलानें वैरण सोडली, कान पाडले किंवा चालतांना पाय आंखडला, कीं अनुभवी धनी त्याचें कारण शोधूं लागतो. तो लागलाच नवा बैल आणावयास बाजाराची वाट धरीत नाहीं. परंतु त्याच धन्याची जुनी स्कूटर वाटेंत जाम झाली, कीं तो मिस्त्रीस 'नवा पिस्टन टाका' एवढें सांगून मोकळा होतो. पिस्टन नवा येतो, पैसे जातात, आणि दोन-तीन महिन्यांत तीच गाडी त्याच चढावर पुन्हां जाम होते. मोडलेली वस्तु बदलली गेली; ती ज्या दोषामुळें मोडली तो दोष मात्र जागच्या जागीं राहिला. हा दोष कसा शोधावा व तो मुळांतच उत्पन्न होऊं नये म्हणून काय करावें, याचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

हा विषय आमच्या वाचकांस परका नाहीं. इटलींतील पियाजिओ कंपनीच्या परवान्यानें बजाज कंपनीनें १९६० च्या सुमारास वेस्पा स्कूटर आपल्या देशांत तयार करण्यास आरंभ केला. तो करार १९७१ सालीं संपला, आणि १९७२ सालापासून 'चेतक' या नांवाची स्कूटर पुण्याजवळच्या आकुर्डीच्या कारखान्यांतून बाहेर पडूं लागली. दुधाचे कॅन, खताची गोणी, भाजीची पाटी आणि घरचीं माणसें यांची ने-आण या गाडीनें दोन पिढ्या केली. पुढें कंपनीनें चार-स्ट्रोक इंजिन आणलें, २००९ सालीं स्कूटर काढणेंच बंद केलें, आणि २०२० सालीं चेतक हें नांव विजेवर चालणाऱ्या गाडीस दिलें. म्हणजे जुनी दोन-स्ट्रोक चेतक आतां नवी मिळावयाची नाहीं. ज्याच्या दारांत ती आहे त्यानें ती सांभाळली तरच टिकेल. आणि दर वेळीं सिलिंडर कातून मोठा करीत गेल्यास त्याच्या भिंतीही एक दिवस संपतात.

इंजिनाची घडण

रोगाचें निदान करण्यापूर्वीं शरीराची ओळख हवी. चार-स्ट्रोक इंजिनांत वंगणाच्या तेलाची वेगळी कोठी असते. या जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांत तशी कोठी नाहीं. पेट्रोलांत मिसळलेलें तेल हेंच पिस्टनाचें व क्रँकचें वंगण. (गिअरपेटींतील तेल निराळें, तें पिस्टनापर्यंत जात नाहीं, जाऊंही नये.) कार्बुरेटरांतून पेट्रोल, तेल व हवा यांचें मिश्रण प्रथम क्रँकच्या बंद पेटींत शिरतें. पिस्टन खालीं येऊं लागला म्हणजे तें दाबलें जाऊन बाजूच्या वाटांनीं सिलिंडरांत चढतें. पिस्टन वर जातांना तें आवळलें जातें, प्लगची ठिणगी पडते, भडका पिस्टनास खालीं लोटतो, आणि जळलेला वायु निकासाच्या तोंडांतून सायलेन्सरमध्यें निघून जातो.

यांतून तीन गोष्टी निघतात. पहिली, क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यास एक भडका होतो. मिनिटास ५००० फेरे होत असतील तर पिस्टनाच्या डोक्यावर सेकंदास सुमारें ८३ भडके होतात. त्यास विसांवा असा मिळतच नाहीं. दुसरी, वंगण पेट्रोलाबरोबर येतें. पेट्रोल कमी आलें तर वंगणही कमी आलें. तिसरी, क्रँकची पेटी हवाबंद असली पाहिजे; तींत कोठें फट पडली तर बाहेरची हवा आंत शिरून मिश्रणाचें प्रमाण बिघडतें.

चेतकच्या सिलिंडराचा व्यास ५७ मिलिमीटर व पिस्टनाची धांवही ५७ मिलिमीटर असून इंजिनाचें माप सुमारें १४५ घन सेंटिमीटर आहे. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व सिलिंडर बिडाचा. सगळ्या अडचणीचें मूळ या जोडींत आहे. ॲल्युमिनियम उष्णतेनें बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. ५७ मिलिमीटरचा पिस्टन २०० अंश सेल्सिअसनें अधिक तापला तर त्याचा व्यास सुमारें पाव मिलिमीटरनें वाढतो. सिलिंडर तितकाच तापला तरी त्याच्या निम्माच वाढेल. आणि बाहेरून पंख्याची हवा लागत असल्यामुळें तो तितका तापतही नाहीं. म्हणून पिस्टन थंड असतां दोहोंमध्यें मोजकी मोकळीक ठेविलेली असते. पिस्टन अवाजवी तापला, कीं ही मोकळीक संपते, तेलाचा पातळ थर तुटतो, आणि मऊ ॲल्युमिनियम बिडास चिकटूं लागतें. यालाच मिस्त्री 'इंजिन सीज झालें' असें म्हणतात.

पिस्टन कां पकडतो ?

कारणें अनेक दिसतात; परंतु तीं पांच गटांत बसतात.

१. तेल कमी पडणें. पेट्रोलांत तेल घालण्याचें विसरणें हें उघड कारण. बजाजच्या अशा गाड्यांत साधारणपणें एका लिटरास २० मिलिलिटर, म्हणजे २ टक्के, टू-टी तेल घालतात. त्या हिशेबानें ३ लिटरांस ६० व ५ लिटरांस १०० मिलिलिटर होतें. गाडीच्या पुस्तिकेंत निराळें प्रमाण असेल तर तेंच पाळावें. मोटारीचें किंवा पंपाचें उरलेलें तेल घालूं नये. टू-टी तेल हें पेट्रोलाबरोबर जळण्यासाठींच केलेलें असतें. दुसरें एक कारण लोकांच्या लक्षांत येत नाहीं. सासवडकडून दिवे घाट उतरतांना पुष्कळ जण गिअर तसाच ठेवून एक्सिलरेटर पूर्ण बंद करितात. चाकांच्या जोरानें इंजिन वेगानें फिरत राहतें, पण पेट्रोल बंद झाल्यामुळें वंगणही बंद होतें. पिस्टन त्या सबंध उतारावर कोरडा धांवतो.

२. मिश्रण पातळ होणें. हवेच्या मानानें पेट्रोल कमी झालें म्हणजे मिश्रण पातळ झालें असें म्हणतात. त्यानें पिस्टनाचें डोकें फार तापतें व तेलही कमी पोंचतें, असा दुहेरी तोटा होतो. कार्बुरेटरच्या जेटमध्यें कचरा अडकणें, टाकीच्या कॉकाची जाळी गाळानें भरणें, टाकीच्या झांकणाचें हवेचें भोंक बुजणें, कार्बुरेटरचे नट ढिले होणें, हीं याचीं नेहमींचीं कारणें होत. परंतु सर्वांत फसवें कारण म्हणजे क्रँकचें ऑइल सील. मॅग्नेटोच्या बाजूचें सील झिजलें, कीं तेथून हवा आंत ओढली जाते. क्लचच्या बाजूचें सील गेलें तर गिअरपेटींतील तेल ओढलें जाऊन पांढरा धूर निघतो व गिअरचें तेल कमी होत जातें. हा दुसरा दोष धुरानें आपला डांगोरा पिटतो. पहिला मात्र मुकाट्यानें पिस्टन खातो.

३. थंडावा न मिळणें. या इंजिनास पाणी नाहीं. मॅग्नेटोवरच्या पंख्याची हवा पत्र्याच्या आवरणांतून सिलिंडराच्या पाकळ्यांवर फिरते, तीच त्याचा थंडावा. शेतावर उभ्या असणाऱ्या गाडींत कडब्याचा भुसा, चिखल व तेलकट धूळ या पाकळ्यांत बसते, आणि उंदीर तेथें घरही करितात. खडखडतो म्हणून तो पत्रा काढून टाकणारेही आम्हीं पाहिले आहेत. पत्रा काढल्यानें हवा मोकळी होते अशी त्यांची समजूत असते. वास्तविक ती पाकळ्यांवर न जातां बाहेर वाया जाते.

४. भडका अवेळीं होणें. ठिणगी फार लौकर पडत असेल, पेट्रोलांत रॉकेलची भेसळ असेल, डोक्यांत कार्बन साठला असेल किंवा चुकीच्या उष्णतामानाचा प्लग बसविला असेल, तर मिश्रण सरळ न जळतां ठोका देऊन फुटतें. चढावर इंजिनांतून येणारा धातूचा कटकट आवाज तो हाच. हा ठोका पिस्टनाच्या कडा कुरतडतो, रिंगांमधील कड मोडतो व शेवटीं डोक्यास भोंक पाडतो.

५. धूळ व जोडणींतील हयगय. हवेची जाळी फाटली किंवा काढून टाकली, तर पायवाटेवरची धूळ थेट इंजिनांत जाते आणि पिस्टन पॉलिश-कागदानें घांसल्यासारखा झिजतो. पिनेचें लॉक जुनेंच पुन्हां बसविलें तर तें निसटून सिलिंडरांत खोल चर पाडतें. पिस्टन उलटा बसविला तर रिंगेचें टोंक निकासाच्या तोंडांत अडकून तुटतें.

उसाचा स्पिरिट आणि जुनी स्कूटर

येथें एका नव्या गोष्टीचा उल्लेख करणें आम्हांस अवश्य वाटतें. आपल्याच उसापासून कारखाने जें इथेनॉल काढतात, तें पेट्रोलांत मिसळण्याचें प्रमाण सन २०२५ मध्यें २० टक्क्यांपर्यंत गेलें. उसाच्या शेतकऱ्यास हें हिताचें आहे व त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु चेतकचा कार्बुरेटर शुद्ध पेट्रोलाच्या हिशेबानें केलेला आहे. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलास सुमारें ९ किलोच पुरते. म्हणजे २० टक्क्यांच्या मिश्र इंधनास सुमारें १३.५ किलो हवा पुरेशी आहे. जेट मात्र जुन्याच मापानें हवा व इंधन देतो. परिणामीं मिश्रण सुमारें ८ टक्क्यांनीं पातळ पडतें. इथेनॉल वाफ होतांना थंडावा देतें आणि ठोक्यासही आळा घालतें, हें खरें. त्यामुळें निरोगी गाडी बहुधा निभावून नेते. पण ज्या गाडीचें सील किंवा जेट आधींच संशयित आहे, तीस हे ८ टक्के जड जातात. शिवाय इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें. पाणी प्रमाणाबाहेर गेलें कीं तें इथेनॉलासह टाकीच्या तळाशीं वेगळें बसतें. जुन्या रबराच्या नळ्याही त्यानें फुगतात. म्हणून पावसाळ्यांत गाडी महिनोन्महिने उभी राहणार असल्यास टाकी व कार्बुरेटर रिकामे करून ठेवावेत.

खुणांवरून निदान

जाम झालेलें इंजिन उघडल्यावर जुना पिस्टन भंगारांत टाकूं नये. तो हातांत घेऊन उजेडांत पाहावा. त्यावर कारण लिहिलेलें असतें, तें वाचतां आलें पाहिजे.

पिनेच्या दोन्ही बाजूंस मिळून चार ठिकाणीं उभे चकचकीत पट्टे दिसले, तर पिस्टन सिलिंडरापेक्षां लौकर फुगला असें समजावें. इंजिन थंड असतां एकदम जोर दिला, किंवा नवा पिस्टन फार घट्ट बसविला, हें त्याचें कारण.

केवळ निकासाच्या बाजूस, म्हणजे जेथें उष्णता सर्वांत अधिक, तेथें ओरखडे असतील व डोकें पांढुरकें दिसत असेल, तर मिश्रण पातळ आहे किंवा थंडावा कमी आहे.

सभोंवार, खालपर्यंत, कोरडे व खोल ओरखडे असतील, पिनेचें बेअरिंगही निळसर पडलें असेल, तर तेलच नव्हतें.

डोक्याच्या कडा वाळवी लागल्यासारख्या खडबडीत असतील तर ठोका. मधोमध वितळून भोंक पडलें असेल तर प्लग किंवा कार्बन लाल होऊन त्यानें वेळेपूर्वींच भडका केला.

येणाऱ्या मिश्रणाच्या बाजूस पिस्टन राखी रंगाचा, निस्तेज व बारीक उभ्या रेघांनीं झिजलेला असेल तर धूळ. रिंगांखालीं तपकिरी डाग असतील तर रिंगा कार्बननें चिकटून ज्वाला खालीं निसटत होती. पिनेच्या रेषेंत एकच खोल चर असेल तर लॉक निसटलें.

प्लगही साक्ष देतो. भर जोरांत चालतां चालतां क्लच दाबून इंजिन बंद करावें व प्लग काढून पाहावा. कॉफीसारखा तपकिरी रंग चांगला. काळा व ओला असेल तर मिश्रण दाट. पांढरा किंवा खडूसारखा असेल तर पातळ, आणि तो पिस्टनाच्या मरणाची आगाऊ सूचना समजावी.

आमच्या परिचयाच्या एका दूधवाल्या शेतकऱ्याची हकीकत येथें सांगतों. रोज पहांटे दोन कॅन घेऊन तो संकलन केंद्रावर जाई. एका वर्षांत त्याच्या गाडीचा पिस्टन दोनदां पकडला. दोन्ही वेळां सिलिंडर कातून नवा पिस्टन बसविला, आणि 'तेल कमी घालतां' असा दोष त्याच्या माथीं आला. तेव्हांपासून तो दुप्पट तेल घालूं लागला. तिसऱ्या वेळीं पिस्टन पकडला तो चढाच्या वळणावर. मागचें चाक जाम होऊन गाडी आडवी झाली, दूध सांडलें, आणि त्याचा गुडघा फुटला. मागून ट्रक आला नाहीं म्हणूनच माणूस वांचला. आम्हीं जुने पिस्टन मागवून पाहिले. तिघांवरही ओरखडे निकासाच्याच बाजूस होते. पिनेचीं बेअरिंगें स्वच्छ होतीं. तेल नसतें तर बेअरिंग आधीं बोललें असतें. विचारतां तो म्हणाला, कीं एक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन कांहीं वेळ तसेंच पळत राहतें. फ्लायव्हील काढून पाहिलें, तों मागें तेलकट काळें किटण; सीलाचें रबर कडक होऊन चिरलेलें होतें. जें सील अल्प किंमतींत मिळतें, त्यावांचून तीन पिस्टन गेले. दुप्पट तेलानें तर अपाय वाढलाच. कारण त्याच मापाच्या जेटमधून तेल अधिक गेलें, कीं पेट्रोल तितकें कमी जातें.

वाटेंत पिस्टन पकडूं लागल्यास

पिस्टन पकडण्यापूर्वीं बहुधा सूचना मिळते. इंजिनाचा आवाज जड होतो, एक्सिलरेटर देऊनही वेग उतरतो, जणूं कोणी मागून ब्रेक लावीत आहे. त्याच क्षणीं डाव्या हातांतील क्लच दाबावा व एक्सिलरेटर सोडावा. गाडी कडेस घ्यावी. क्लच दाबलेला असला म्हणजे मागचें चाक मोकळें राहतें व पडण्याचें भय टळतें. चढावर जुन्या गाडीच्या स्वारानें दोन बोटें नेहमीं क्लचवर ठेवावींत, ही संवय जीव वांचविणारी आहे.

त्यानंतर गाडी अर्धा तास सावलींत उभी करावी. तापलेल्या सिलिंडरावर पाणी ओतूं नये, तडा जाण्याचा संभव असतो. निवाल्यावर किक सहज फिरली तर सावकाश घरीं यावें. पण 'चालूं झाली, म्हणजे बरी झाली' असें समजूं नये. सिलिंडरास चिकटलेलें ॲल्युमिनियम तेथेंच असतें व रिंगा दबलेल्या असतात. हेड व सिलिंडर काढून पाहिल्यावांचून ती गाडी पुन्हां जोखमीच्या कामास लावूं नये.

दुरुस्ती करतांना

प्रथम कारण शोधावें, मग सुटे भाग घ्यावेत. सिलिंडर वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं दोन दिशांनीं, असा सहा जागीं मोजून घ्यावा. कातणें आवश्यक असल्यास आधीं मोठ्या मापाचा पिस्टन विकत घ्यावा व त्याच्या मापानें सिलिंडर कातवावा. आधीं कातून मग पिस्टन शोधूं नये. कातल्यावर तोंडांच्या कडा किंचित् गोल करून घ्याव्यात, नाहींतर रिंगा अडकतात. रिंग सिलिंडरांत घालून तिच्या टोंकांमधील फट फीलर-पट्टीनें पाहावी. पिस्टनाच्या डोक्यावर बाण असल्यास तो निकासाकडे करावा. पिनेचीं लॉकें दर वेळीं नवीं घ्यावींत. इंजिन उघडलेलेंच आहे, तेव्हां दोन्ही सीलें तपासावींत. जुनीं असल्यास बदलावींत. मिस्त्रीनें हें काम आपल्यासमोर करावें असा आग्रह धरण्यांत त्याचा अपमान नाहीं. चांगला मिस्त्री उलट संतोषच मानतो.

नवा पिस्टन बसविल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी. भार कमी ठेवावा, वेग बदलता ठेवावा, आणि चढावर खालचा गिअर वेळेवर घालावा. उंच गिअरमध्यें इंजिनास ओढावयास लावणें हें वेगापेक्षांही वाईट.

रोजची काळजी

१. तेल मोजून घालावें, अंदाजानें नव्हे. टाकींत तेल आधीं व पेट्रोल मागून घालावें, म्हणजे तें नीट मिसळतें.

२. सकाळीं गाडी सुरू केल्यावर मिनिटभर संथ चालूं द्यावी व पहिला किलोमीटर जोर न देतां जावें.

३. लांब उतारावर मधून मधून एक्सिलरेटर किंचित् उघडावा, म्हणजे पिस्टनास तेल मिळेल. वेग ब्रेकनें आंवरावा. गाडी न्यूट्रल करून घाट उतरूं नये.

४. दर महिन्यास हवेची जाळी धुवावी, आणि मळणीच्या दिवसांत दर आठवड्यास.

५. सुगी संपतांच पंख्याचा पत्रा काढून सिलिंडराच्या पाकळ्या ब्रशानें साफ कराव्यात, आणि पत्रा पुन्हां बसवावा.

६. वर्षांतून एकदां टाकीचा कॉक, जाळी, जेट व सायलेन्सरचें तोंड साफ करवावें; ठिणगीची वेळ तपासून घ्यावी. मिश्र इंधनावर प्लग पांढरा पडत असेल तर मुख्य जेट एका मापानें मोठा घालून पुन्हां प्लगचा रंग पाहावा. हें काम जाणत्याकडून करवावें.

७. एक्सिलरेटर सोडूनही इंजिन पळत राहिलें, तर त्या दिवसापासून सीलाचा संशय धरावा व गाडीवर लांबचा प्रवास करूं नये.

यांपैकीं एकाही गोष्टीस मोठा खर्च नाहीं. लागते ती नजर आणि नियमितपणा. ज्या हातांस पिकाच्या पानावरील डागावरून मुळांतील रोग ओळखतां येतो, त्यांस पिस्टनावरील ओरखडा वाचणें कठीण नाहीं. पुढील वेळीं गाडी जाम झाली, तर मिस्त्रीकडून जुना पिस्टन मागून घ्यावा व पैसे देण्यापूर्वीं तो दोघांनीं मिळून पाहावा, इतकें सुचवून आम्ही हा लेख पुरा करितों.